योसेमिटीचा वरचा धबधबा एका दिवसात: सात जणांच्या एका बेताचा प्रकरण अभ्यास

कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट येथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील वरच्या धबधब्याच्या माथ्यापर्यंत चढून त्याच दिवशी खाली उतरण्याचा बेत केला, आणि तो बेत कागदावर नीट मांडून देण्याचे काम माझ्याकडे आले. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचे कारण असे की, पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेले आणि सह्याद्रीत आयुष्यभर फिरलेले अनेक जण आपापले अनुभवाचे आडाखे सोबत घेऊन या वाटेवर येतात, आणि घरी खरे ठरलेले तेच आडाखे सिएरा नेवाडाच्या, म्हणजे योसेमिटी ज्या पर्वतरांगेत आहे तिच्या, कातळावर बऱ्याचदा उलटे पडतात.

मंडळी सात होती. पुण्याहून आलेले आजोबा सहासष्ट वर्षांचे, दर रविवारी सिंहगड चढणारे, रक्तदाबाची गोळी घेणारे. आजी बासष्टच्या, डावा गुडघा दुखरा. त्यांचा मुलगा संगणकासमोर बसून काम करणारा, सून आठवड्यातून चार दिवस पळायला जाणारी, नात नऊ वर्षांची. यांच्या जोडीला मुलाचा एक मित्र आणि त्याची पत्नी. गटाचा वेग आजोबांच्या वयावरून ठरेल असे घरातल्या सर्वांनी न बोलता गृहीत धरले होते. पहिल्या बैठकीत सगळी काळजी त्यांच्याभोवतीच फिरत होती, आणि ज्याने वर्षभरात जिन्याखेरीज कुठलाही चढ चढला नव्हता त्या मुलाबद्दल कोणी एक शब्दही काढला नाही.

मूळ बेत असा होता: जुलैच्या ४ तारखेला जोडून येणाऱ्या सुट्टीत पहाटे साडेतीनला फ्रीमॉन्टहून निघायचे, सातच्या सुमारास योसेमिटीच्या खोऱ्यात पोहोचायचे, सातही जणांनी माथ्यापर्यंत जायचे, आणि रात्री घरी परतायचे. तारीख सुचवली आजोबांनी, कारण त्यांच्या हिशेबाने धबधबा बघायचा तर जुलैतच. लोणावळ्यापासून आंबोलीपर्यंत जुलै-ऑगस्टमध्ये कडे पांढरे झालेले ज्याने पाहिले आहेत, त्याला हे सांगावेसुद्धा लागत नाही.

धबधबा आणि वाट

योसेमिटी फॉल्स हा एक अखंड धबधबा नसून तीन टप्प्यांचा आहे. वरचा टप्पा सुमारे ४३६ मीटर, मधल्या उड्या मिळून सुमारे २०६ मीटर आणि खालचा टप्पा ९८ मीटर, अशी एकूण उंची ७३९ मीटर भरते. खालच्या टप्प्याच्या पायथ्याशी जाणारी सुमारे दीड किलोमीटरची फेरी सपाट असून तिच्या पूर्वेकडच्या बाजूने चाकाची खुर्चीही नेता येते. वरच्या टप्प्याच्या माथ्याकडे जाणारी वाट मात्र तिथून सुरू होत नाही; ती पश्चिमेला, कॅम्प फोर या गिर्यारोहकांच्या तळाजवळून निघते. धबधबा समोर दिसतो तिथेच गाडी लावून वाट शोधत बसणारी कुटुंबे दर सकाळी दिसतात, म्हणून बेताच्या कागदावर पहिली ओळ हीच होती.

कॅम्प फोरपासून माथ्यापर्यंतचे जाऊन-येऊन अंतर ११.६ किलोमीटर, आणि चढ सुमारे ८२३ मीटर. उद्यानाचे अधिकारी या वाटेला सहा ते आठ तास धरायला सांगतात. पहिल्या १.६ किलोमीटरमध्ये साठाहून अधिक नागमोडी वळणे ओकच्या झाडीतून वर नेतात आणि सुमारे ३०० मीटर चढवून कोलंबिया रॉक या कठड्याशी आणून सोडतात, जिथून समोर सेंटिनेल रॉक हा सुळका आणि उजाडताना पूर्वेला हाफ डोम हा घुमटाकार डोंगर दिसतो. पुढचा जवळपास पाऊण किलोमीटर बराचसा सपाट, मध्ये थोडा उताराचा आहे, आणि तो संपता संपता वरचा धबधबा पायापासून डोक्यापर्यंत एकदम समोर येतो. वसंतात इथे अंगावर तुषार येतात. त्यानंतर झाडी मागे पडते, वाट एका रुंद घळीत शिरते, आणि उरलेला सर्व चढ उन्हात, दगडी पायऱ्यांनी.

ही घळ कुठून आली याचा एक सुंदर खुलासा भूशास्त्रज्ञांनी दिला आहे. हिमयुगाआधी योसेमिटी क्रीक हा ओढा आजच्या कड्यावरून कोसळत नव्हता. तो पश्चिमेच्या या घळीतूनच उड्या मारत खोऱ्यात उतरत असे. पुढे हिमनदीने आणून टाकलेल्या दगड-मातीने त्याचा मार्ग अडला, तो पूर्वेकडे वळला आणि सरळ कड्यावर जाऊन पडला. म्हणजे माणसे आज ज्या घळीतून चढतात ती ओढ्याची सोडलेली जुनी वाट आहे. जॉन कॉनवे याने १८७३ ते १८७७ या काळात ही पायवाट बांधली तेव्हा तिच्याखेरीज वर जाण्याजोगी दुसरी जागा जवळपास नव्हती. नियोजनाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट साधी आहे: घळ म्हटली की कडेने दरडी आल्या. १६ नोव्हेंबर १९८० रोजी या वाटेवर कडा कोसळून तीन पदयात्री ठार झाले. दरडीचा नेम कोणालाच सांगता येत नाही, पण विश्रांती कुठे घ्यायची हे आपल्या हातात असते, म्हणून थांबायच्या जागा कागदावर आधीच लिहिल्या आणि घळीतल्या ताज्या फुटलेल्या, पांढुरक्या दगडांच्या ढिगाखाली बसायचे नाही असे ठरवले.

तारीख का बदलली

सह्याद्रीतला धबधबा पावसावर चालतो. योसेमिटीचा धबधबा चालतो तो वर साठलेल्या बर्फावर, आणि या एका फरकाने सगळे वेळापत्रक बदलते. योसेमिटी क्रीकचे पाणलोट क्षेत्र लहान असून त्याचा मोठा भाग उघडा ग्रॅनाइट आहे. पाणी धरून ठेवणारी खोल माती तिथे फारशी नाही. त्यामुळे बर्फ वितळले की पाणी धडाक्याने येते आणि बर्फ संपले की पाणीही संपते. बहुतेक वर्षी मे महिन्यात धबधबा भरात असतो, जूनमध्ये ओसरू लागतो आणि ऑगस्टमध्ये पुष्कळदा कड्यावर फक्त ओला डाग उरतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काय दिसेल हे त्या त्या हिवाळ्यावर अवलंबून असते. १ एप्रिलच्या मोजणीत राज्यातील बर्फाचा साठा २०१५ साली सरासरीच्या अवघा ५ टक्के होता आणि २०२३ साली २३७ टक्के. या दोन वर्षांचे जुलै एकमेकांसारखे कसे असतील?

आजोबांना हे शब्दांनी पटवावे लागले नाही. योसेमिटी फॉल्सकडे रोखलेला एक कॅमेरा दिवसभर चालू असतो आणि त्याचे चित्र कोणालाही बघता येते. सुनेने तो लावून दिला आणि आजोबा रोज सकाळी चहाबरोबर तो पाहू लागले. चार-पाच दिवसांत त्यांनी आपणहून विचारले की आत्ता एवढे पाणी आहे आणि पाऊस तर पडतच नाही, मग हे किती दिवस पुरणार? बेत मे महिन्यात आणायचा, हे त्या प्रश्नातच ठरले.

मे महिन्यातही कोणता दिवस, हा विचार बाकी होता. महिन्याचा शेवटचा सोमवार सुट्टीचा असल्याने त्याआधीचे शनिवार-रविवार टाळले, कारण त्या दिवसांत खोऱ्यात मोकळी पार्किंग शोधण्यात सकाळची मोलाची वेळ जाते. तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार धरला. त्यासाठी नातीची शाळेतून एका दिवसाची रजा घेतली आणि भारतातून येऊन आजी-आजोबांना झोप-भुकेचे गणित बसवायला दोन आठवडे मिळाले. उद्यानात प्रवेशासाठी गर्दीच्या हंगामात काही वर्षी आगाऊ आरक्षण लागते आणि काही वर्षी लागत नाही, तेव्हा त्या वर्षाचा नियम आणि वाटेची स्थिती उद्यानाच्या अधिकृत सूचनांवर तपासण्याचे काम मित्राकडे दिले.

जास्तीच्या पाण्याचाही विचार करणे भाग होते. २८ एप्रिल २०२३ च्या रात्रीपासून, वितळत्या बर्फाने खोऱ्यातून वाहणाऱ्या मर्सेड नदीला पूर येईल या अंदाजावरून, खोऱ्याचा मोठा भाग थोडक्या काळासाठी बंद ठेवला गेला होता. पोहोनो ब्रिजपाशी नदीची पातळी मोजली जाते आणि १० फुटांना ती पुराची पातळी मानतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पुढील दोन दिवसांचा अंदाज ९ फुटांच्या वर असेल तर बेत पुढे ढकलायचा, असे ठरवले. आकडा माझ्या अंदाजाचा आहे. एक फूट हाताशी राहावा एवढाच त्यामागचा विचार.

इथे आणखी एक उलटा आडाखा सांगितला पाहिजे. सह्याद्रीत ओढा फुगतो तो वर ढग फुटला की, कोणत्याही प्रहरी. शहाणा माणूस आभाळाकडे बघून पाण्यात उतरायचे की नाही ते ठरवतो. सिएरात वसंतातले पाणी दुपारच्या उन्हाने वितळते आणि संध्याकाळी-रात्री चढते, आभाळ निरभ्र असताना. निळे आभाळ बघून ओढा सुरक्षित समजणे ही इथली सर्वांत मोठी फसगत. त्यात हे पाणी हाडे गोठवणारे थंड आणि त्याखालचा ग्रॅनाइट शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेला. १९ जुलै २०११ रोजी याच उद्यानातील व्हर्नल फॉलच्या माथ्यावर कठडा ओलांडून पाण्याजवळ गेलेल्या गटातील तिघे तरुण कड्यावरून वाहून गेले. त्यामुळे माथ्यावर पाण्यात पायसुद्धा बुडवायचा नाही, हा नियम आमच्या कागदावर कोणत्याही सवलतीशिवाय होता, आणि तो कितीही कडक वाटला तरी मी सैल करायला तयार नव्हतो.

सिंहगडाचा हिशेब

आजोबा आतकरवाडीहून सिंहगड सव्वा तासात चढतात. तो चढ सहाशे मीटरांच्या आत-बाहेरचा आहे. त्यावरून त्यांनी त्रैराशिक मांडले: ८२३ मीटरना पावणेदोन तास, फार तर दोन. आकड्यांत चूक काहीच नव्हती, आणि चढाच्या मापाने ही वाट बारी गावाकडून कळसूबाईला जाण्याच्या जवळपास येते, तेव्हा नियमित चालणाऱ्या माणसाला ती झेपणारी आहे हेही खरे. अडचण त्या हिशेबात न आलेल्या गोष्टींची होती.

सिंहगड चढणारा रविवारकर पाठीवर काही घेत नाही. वाटेत लिंबू सरबत मिळते, वर पोहोचल्यावर मडक्यातले दही आणि पिठलं-भाकरी मिळते, आणि गुडघे कुरकुरू लागले तर गडावरून गाडीने खाली येता येते. आजोबा गेली कित्येक वर्षे असेच येत होते. म्हणजे त्यांच्या पायांना चढण्याची उत्तम सवय होती आणि उतरण्याची जवळजवळ नव्हती. योसेमिटीच्या माथ्यावर टपरी नाही, गाव नाही, रस्ता नाही. जेवढे चढलो तेवढे सगळे त्याच गुडघ्यांनी उतरायचे, तेही दुपारी, थकल्यावर, आणि पायऱ्यांवर पसरलेल्या बारीक खरखरीत वाळूवरून, जी फरशीवर सांडलेल्या मोहरीसारखी पायाखालून सरकते.

म्हणून निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत सरावाचा भर उतरण्यावर ठेवला. फ्रीमॉन्टजवळच्या मिशन पीक या डोंगरावर आजोबा, मुलगा, सून आणि मित्र पाठीवर पाण्याचे वजन घेऊन गेले, आणि दोन्ही हातांत काठ्या धरून कसे उतरायचे ते आजोबांनी तिथे शिकून घेतले. सुरुवातीला त्यांना काठ्या म्हणजे म्हातारपणाची कबुली वाटत होती. पहिल्या उतारानंतर त्यांनी त्या नाकारल्या नाहीत. त्याच सरावात मुलगा माथ्यावर बाकीच्यांच्या अर्धा तास मागून पोहोचला, आणि गटातला सर्वांत हळू माणूस कोण हा प्रश्न घरात कोणी न काढता निकालात निघाला.

पाण्याचा हिशेब माणशी तीन लिटर धरला. कोलंबिया रॉकपर्यंतची सावली सोडली तर वाट दक्षिणाभिमुख कातळावरून जाते. हवा कोरडी असल्याने घाम दिसत नाही आणि तहान उशिरा कळते, हे दमट कोकणकड्यांवर घडलेल्या शरीराला नवे असते. वाटेत भरवशाचे पिण्याचे पाणी नाही, वर ओढ्याचे आहे पण ते गाळून किंवा उकळूनच घ्यायचे, आणि ओढ्याजवळ जाणे तर आम्ही वर्ज्य केले होते. मिठा-साखरेचे लिंबूपाणी दोन बाटल्यांत, ओआरएसची पाकिटे, गूळ-शेंगदाणे, दशम्या आणि कोरडी लसणाची चटणी. दहीभाताचा डबा आजींनी आग्रहाने सुचवला होता. तो खालच्या मंडळींसाठी ठेवला. आजोबांच्या गोळीबद्दल पुण्यातील त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारले, कारण रक्तदाबाची काही औषधे शरीरातले पाणी कमी करतात आणि उन्हातल्या श्रमांत ते महत्त्वाचे ठरते. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ कागदावर लिहिली. पाहुण्यांसाठी काढलेल्या आरोग्यविम्याची अटी-शर्तींची पाने सुनेने एका संध्याकाळी बसून वाचली, विशेषतः आधीच्या आजारांबद्दलचा भाग. अमेरिकेत इस्पितळाचा खर्च काय असतो हे ठाऊक असलेल्या कोणालाही ती संध्याकाळ वाया गेली असे वाटणार नाही.

गाडी, मुक्काम, जोड्या

मूळ बेतात मला सर्वांत जास्त खटकला तो प्रवास. साडेतीन तास गाडी, सात-आठ तास डोंगर आणि पुन्हा साडेतीन तास गाडी, तेही घाटरस्त्याने आणि अंधारात. धबधब्याच्या कड्यापेक्षा हा परतीचा रस्ता अधिक धोक्याचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे आदल्या रात्री मारिपोसा गावी मुक्काम केला, जिथून महामार्ग १४० ने खोरे सव्वा तासाच्या आत येते. परतीला गाडी चालवण्याची जबाबदारी मित्राच्या पत्नीने घेतली, कारण ती चढणार नव्हती.

ती का चढणार नव्हती, यात बेताचा गाभा आहे. सातही जणांनी माथा गाठावा हा आग्रह सोडल्यावर बाकीच्या गोष्टी जागच्या जागी बसल्या. आजी, नात आणि मित्राची पत्नी यांनी खालच्या धबधब्याची फेरी करायची, मोफत शटलने खोऱ्यात हिंडायचे, लॉजच्या उपाहारगृहात जेवायचे. वर जाणारे चौघे. तीन नकोत आणि पाचही नकोत, कारण एखाद्याला परत फिरावे लागले तर त्याच्यासोबत कोणीतरी उतरले पाहिजे आणि वर जाणाराही एकटा राहता कामा नये. जोड्या नात्यावरून न लावता मिशन पीकवर दिसलेल्या वेगावरून लावल्या: आजोबा आणि सून, मुलगा आणि मित्र. जोडी तुटणार नाही, दोन जोड्या मात्र वेगळ्या होऊ शकतील.

वेळा अशा ठरल्या. पहाटे पाचला मारिपोसाहून निघणे, साडेसहापर्यंत कॅम्प फोर. साडेआठच्या आत कोलंबिया रॉक, नऊच्या आत वरच्या धबधब्याचे दर्शन. ज्या जोडीला या दोनपैकी एक वेळ हुकेल ती जोडी धबधबा डोळे भरून बघून परत फिरेल. माथा कधीही गाठो, दुपारी साडेबाराला चौघांनीही उतरायला लागायचे. पाचला कॅम्प फोरला भेट. सहापर्यंत कोणी आले नाही तर खालच्या मंडळींनी थेट रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाला, कळवायचे, वाट बघत बसायचे नाही. वर फोनला भरवशाचा सिग्नल नसल्याने ही वेळ आधी ठरणे अत्यावश्यक होते.

साडेबाराच्या वेळेवरून मारिपोसातल्या रात्री थोडा वाद झाला.

"अगं, पण वीस मिनिटांवर माथा दिसत असेल तर?" आजोबांनी विचारले.

"तरीही फिरायचं, बाबा. वीस मिनिटं वर, वीस तिथे, वीस परत. तो तास उतरताना लागेल आपल्याला."

"आणि तू थकलीस तर?"

"तर तुम्ही म्हणायचं, चल परत. मी एक शब्द बोलणार नाही."

माझ्या मते या चार वाक्यांनी बाकीच्या दोन पानांपेक्षा जास्त काम केले. घरातल्या ज्येष्ठ माणसाला ऐन डोंगरावर "आता पुरे" म्हणणे आपल्याकडे कोणालाच सोपे जात नाही. सून तर ते म्हणणारच नाही. तोच शब्द आदल्या रात्री दोघांनी एकमेकांना दिला की त्यात मानापमानाचा प्रश्न उरत नाही.

प्रत्यक्ष दिवस

सहा चाळीसला चौघे निघाले. आजोबा आणि सून आठ वाजता कोलंबिया रॉकला होते, मुलगा आणि मित्र आठ पंचविसाला. धबधबा समोर येतो तिथे पहिली जोडी पावणेनऊच्या आधी पोहोचली आणि दुसरी नऊ वीसला. मुलाने घड्याळ पाहिले, वाद केला नाही. दोघे तिथे तासभर बसले. पाणी इतके होते की आवाज कानांपेक्षा छातीत जाणवत होता, आणि वाऱ्याची झुळूक फिरली की तुषारांचा पडदा वाटेवर येऊन चष्म्याच्या काचा धुरकट करत होता. साडेअकरापर्यंत ते खाली येऊन बाकीच्यांना मिळाले.

आजोबा-सून पुढे घळीत शिरले. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान असो वा नसो, हा नियम सुनेने घड्याळावर चालवला. दहानंतर ऊन तापले आणि पायऱ्या उंच होत गेल्या, तरी आजोबांचा वेग फारसा कमी झाला नाही. अकरा पस्तीसला दोघे माथ्यावर होते. कड्याच्या अगदी तोंडाशी असलेल्या कठड्यापर्यंत जाण्यासाठी कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तिथे हाताला धरायला गज असले तरी एका बाजूला सरळ दरी आहे. सून जाऊन आली. आजोबांनी पायऱ्यांच्या वरच थांबणे पसंत केले. पायात किंचित थरथर जाणवते आहे असे त्यांनी आपणहून सांगितले. पुढे योसेमिटी पॉइंटपर्यंत जाण्याचा विषयही निघाला नाही. दशमी-चटणी खाऊन बारा दहाला ते उतरू लागले.

उतरायला त्यांना चार तासांना पाच मिनिटे कमी लागली. चढायला पाच तासांच्या आत लागले होते, त्यामुळे हे फार वाटणार नाही. पण बेतात उतरणीला तीन तास धरले होते. घळीतल्या पायऱ्यांवर आजोबांचे गुडघे दर पाऊलागणिक दुखत होते, दोनदा वाळूवरून पाय घसरला आणि दोन्ही वेळा काठीने सावरले. कोलंबिया रॉकला त्यांनी वीस मिनिटे बूट काढून पाय पसरले. पाण्याचा शेवटचा अर्धा लिटर तिथे संपला. चार पाचला ते कॅम्प फोरला आले, पाचच्या भेटीला पाऊण तासाहून अधिक अवकाश होता, आणि रेंजरकडे जाण्याचा प्रसंग आला नाही. रात्री साडेनऊला सर्व जण फ्रीमॉन्टला पोहोचले. आजोबा पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरून उलटे उतरत होते. तिसऱ्या दिवशी ठीक.

खालच्या मंडळींचा दिवस बेतातल्यापेक्षा चांगला गेला, हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा बेतांत मागे राहणाऱ्यांना नुसते थांबायला लावले जाते. आजी आणि नात सकाळी सातलाच खालच्या धबधब्याच्या पुलावर होत्या, गर्दी येण्याआधी. दुपारी मर्सेडच्या काठच्या कुरणातून वरचा कडा दिसतो, आणि नातीने दुर्बिणीतून घळीतली माणसे शोधण्याचा प्रयत्न केला. माणसे काही दिसली नाहीत, पण वाट कुठून गेली असेल ती तिने कागदावर काढली आणि ती बरोबर होती.

कागदावर झालेले बदल

हा बेत पुढे त्याच गावातल्या दुसऱ्या एका कुटुंबाने मागून घेतला, तेव्हा मी त्यात चार दुरुस्त्या करून दिला. साठीच्या वरच्या माणसासाठी उतरण्याची वेळ चढण्याच्या पाऊणपटीऐवजी चढण्याइतकीच धरली, आणि त्यानुसार परत फिरण्याची वेळ साडेबारावरून बारावर आणली. पाणी तीनवरून साडेतीन लिटर केले, त्यातली एक बाटली कोलंबिया रॉकला परत येईपर्यंत उघडायची नाही या अटीसह. सराव चढावर न मोजता सलग उतरणीवर मोजायचा, निदान पाचशे मीटर, आणि तोही निघण्याच्या आठवडाभर आधी संपवायचा. चौथी दुरुस्ती तारखेची: त्या वर्षी बर्फ कमी पडले होते, म्हणून तिसऱ्या आठवड्याऐवजी मेचा पहिला आठवडा, आणि माथ्याजवळच्या वाटेवर उरलेले बर्फ किंवा गोठलेला भाग आहे का हे निघण्याच्या दोन दिवस आधी रेंजर कार्यालयात फोन करून विचारणे.